वरची माती

आप्पांच्या रानात आता चुनखडीच्या खाणीचा खड्डा होता आणि त्या खड्ड्याच्या फाटकावर आप्पाच पहारेकरी होते. माझ्या बापाचं हसं करायचं कुणी ठरवून मनावर घेतलं असतं, तरी त्याला याहून चांगलं जमलं नसतं. अंगात कंपनीचा खाकी सदरा, गळ्यात शिट्टी, समोर लोखंडी आडवा दांडा. गाडी आली की दोरी ओढायची आणि गाडी गेली की सोडायची. नांगराचे घट्टे जाऊन त्यांच्या हातावर दोरीचे घट्टे आले होते, आणि ते वेगळ्या जागी होते.

मी शहरातल्या एका कचेरीत खाणी बंद करायचे आराखडे करते. खाणीतला दगड संपला की कंपनीला जमीन पुन्हा पिकाजोगी करून मूळ मालकाला परत द्यावी लागते. खड्डा कशानं भरायचा, भराव कुठून आणायचा, वर माती किती जाड पसरायची आणि या सगळ्याला खर्च किती, हे आधी कुणीतरी मांडून द्यावं लागतं. ते काम माझं. आमच्या खाणीचं काम आमच्याच कचेरीला मिळालं तेव्हा मी साहेबांना सांगितलं, "ही जमीन माझ्या वडिलांची आहे."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "कंपनीची हरकत नसली तर माझी कशाला? राहण्याजेवण्याचा खर्च वाचला."

कंपनीनं हरकत घेतली नाही. खर्च वाचणं त्यांनाही आवडायचं.

घरी गेले. दोन खोल्या, रस्त्याला लागून. खाणीची पांढरी पूड भांड्यांवर, उशीवर, पाण्याच्या माठावरच्या झाकणीवर. बोट फिरवलं की रेघ उठायची. आप्पा पाळीवरून आले, सदरा झटकून खुंटीला लावला आणि बराच वेळ खोकले. आई गेल्यापासून घरात त्यांच्या खोकल्याशिवाय दुसरा आवाज नव्हता.

"मी खाण बंद करायला आलेय," मी म्हणाले.

"कर. मग दांडा उचलायला कोण ठेवील मला?"

"दांडा कशाला? तुमचं रान मिळेल."

आप्पांनी खड्ड्याकडं मान वळवली. "ते व्हय," म्हणाले, आणि चूल पेटवायला बसले.

हे सगळं केलं होतं काकानं. आप्पांचा सख्खा धाकटा भाऊ. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, मनात कधी केलं नाही. कंपनीचा करार घेऊन तोच आला होता. पायरीवर बसून त्यानं आप्पांना समजावलं होतं, "दादा, जमीन विकत नाहीस तू, वापरायला देतोयस. वरची काळी माती आधी बाजूला काढून ठेवायची, दुधावरची साय काढतात तशी. खालचा दगड संपला की पुन्हा अंथरायची. करारातच आहे तसं." करारात होतंही. ती माती काढायचं आणि राखायचं कंत्राट काकानंच घेतलं. त्याच्याकडं दोन डंपर आणि एक खोदायचं मशीन होतं. कंपनीनं त्याला काढायचे पैसे दिले आणि राखायचेही दिले. पुढं मातीच्या ढिगावर खाणीतला टाकाऊ दगड पडत गेला, आणि कुणी विचारलंच तर काका म्हणायचा, "खाली आहे की सुखरूप. गादीखाली पैसे असतात तशी."

मी आधी तो ढीगच उकरायला घेतला. उन्हाळा होता. वारा सुटला की पांढरा लोट उठायचा आणि मजुरांच्या भुवया पिकायच्या. एका अंगानं खोदलं, दुसऱ्या अंगानं खोदलं, मधोमध मशीन लावलं. दगड, चुना, पुन्हा दगड. तळाला जुन्या माळाची मुरमाड जमीन लागली. माती ओंजळभरसुद्धा नव्हती.

मॅनेजर नवा होता. नाकाला रुमाल लावून कडेला उभा राहिला. "नीट बघा हो. माती काय उडून जाते?"

"उडून नाही जात," मी म्हणाले. "डंपरनं जाते."

त्याला ते कळलं नाही. मला मात्र तेव्हाच कुठं शोधायचं ते कळलं होतं.

काकाचं घर टेकाडाच्या उतारावर. लहानपणी आम्ही त्या उतारावरून गोणपाटावर बसून घसरायचो. नुसता खडक आणि खडे होते तिथं, गवतसुद्धा धड उगवत नव्हतं. आता तिथं लिंबांची बाग होती. झाडं माझ्या डोक्याहून उंच, फळांनी वाकलेली. मी खाली बसले, मूठभर माती उचलली आणि थुंकी लावून मळली. काळी, चिवट, आणि तिच्यात गोगलगाईंचे पांढरे बारीक शंख. आमच्या रानात एके काळी तळं होतं, त्याचे ते शंख. लहानपणी मी ते वेचून डबीत ठेवायची. खडकाळ टेकाडावर तळ्याचे शंख कुठून येणार?

"चहा घेतेस ना गं?" काकू मागून आली. हात पदराला पुसत, हसत. "किती वाळलीस! शहरात खायला घालत नाहीत का?"

चहा घेतला. काकूनं पिशवीभर लिंबं दिली. "आप्पांना सरबत करून दे. उन्हात उभे असतात बिचारे."

काका बागेच्या खालच्या अंगाला घेऊन गेला. तिथं अजून झाडं लावलेली नव्हती आणि माती पुरुषभर उंच साठवलेली होती. "पुढच्या वर्षी इथं पण लावणार," तो म्हणाला. "काय साहेबीणबाई, कशी आहे काकाची बाग?"

"माती चांगली आहे," मी म्हणाले.

"तर! मातीचं सगळं असतं." आणि तो खुशाल हसला. त्याच्या डोळ्यांत मी जरा तरी चोरटेपण शोधत होते, पण तिथं नावालाही नव्हतं. चोरी इतकी जुनी झाली होती की त्याच्या लेखी ती आता त्याची कमाई होती.

संध्याकाळी मी लिंबं आप्पांसमोर ठेवली. त्यांनी पिशवी पायानं दूर सरकवली. माझ्या बापानं खायची वस्तू पायानं सरकवलेली मी पहिल्यांदा बघितली.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणाले.

"दांडा मीच उचलत होतो ना."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"ताडपत्री टाकून न्यायचा. पण वास कसा झाकणार? नांगरल्यावर येतो तसा वास यायचा गाडी गेली की." ते भिंतीकडं बघत बोलत होते. "पहिल्यांदा वाटलं, ढिगाकडंच चालली असेल. ढीग डावीकडं. गाडी उजवीकडं वळली."

"मग अडवायची होती! शिट्टी कशाला दिलीय गळ्यात?"

"अडवून काय करू? मजुरांसमोर भावाला चोर म्हणू?"

"आता म्हणा. उद्या मॅनेजरसमोर चला माझ्याबरोबर."

"मी आपण होऊन नाही सांगणार." आप्पांनी हात झटकले. "कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. पण मला कुणी विचारलंच नाही आजवर."

"मी विचारते ना!"

"तू विचारून काय होतंय? लेक बापाला पढवून आणते म्हणतील. आणि तो हात वर करून मोकळा होईल."

ते खरं होतं, म्हणून मला जास्त संताप आला. खूप बोलले त्यांना. भित्रे म्हणाले, बावळट म्हणाले. आप्पा ऐकून घेत होते. ऐकून घ्यायची त्यांना सवयच लागली होती. मग मात्र माझ्या डोक्यात लख्ख झालं. विचारायचं काकानंच. त्याच्याच तोंडून, कंपनीच्याच कचेरीत. आप्पा सगळ्यांना चुकवतील, पण भावानं सरळ विचारलं तर चुकवणार नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी आराखड्याला बसले. इतकं मन लावून मी कुठलंच काम केलं नव्हतं. खड्ड्यात आधी टाकाऊ दगड, त्यावर मुरूम, थराथरानं दबाई, पाणी वाहून जाईल असा उतार, आणि सगळ्यांत वर दीड हात माती. खालचं सगळं तिथल्या तिथं मिळत होतं. अडलं होतं ते वरच्या मातीवर. बाहेरची माती आणायची तर नदीकाठ गाठावा लागणार, म्हणजे वाहतुकीचं अंतर वाढलं. आमच्या धंद्यात या अंतराला लीड म्हणतात, आणि लीड वाढला की भल्याभल्या कंपन्यांना घाम फुटतो. शिवाय दर गाडीची तपासणी, चाळणी, दोनतीन वर्षं खत. यातलं काहीही खोटं नव्हतं. शेवटी मी एक ओळ घातली: मूळ रानाचीच माती जवळपास मिळाल्यास तपासणी, चाळणी व खताची गरज नाही, अशा मातीस जास्त दर देण्यास हरकत नसावी.

मॅनेजर वाचत गेला तसतसा त्याचा रुमाल नाकावरून कपाळावर गेला. शेवटच्या ओळीवर तो थांबला. "अशी माती मिळेल का इथं कुठं?"

"मला काय माहीत? मातीची कामं करणाऱ्यांना विचारा."

मातीची कामं करणारा एकच होता. दोन दिवसांत काका आमच्या दारात. पांढरा सदरा, केसांना पाणी लावून बसवलेले. आप्पा पाळीवर गेलेले बघूनच आला होता.

"साहेबीणबाई, काकाला विसरू नका. आमच्या खालच्या अंगाला माती पडून आहे. दर काय म्हणतेय तुमची कंपनी?"

"मातीवर आहे. बाहेरची असेल तर साधा दर, तोही तपासणीतून पास झाली तर."

"आणि रानाशी जुळणारी असेल तर?"

"जितकी जुळेल तितका दर चांगला, काका. एकदम तीच असेल तर प्रश्नच नाही."

त्यानं मान हलवली. त्याच्या मनात गाड्या भरायला लागल्याचं मला दिसत होतं. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला. तो हात मी बराच वेळ केसांतून पुसत होते.

मॅनेजरची खोली पत्र्याची. पंखा गरम हवा खाली ढकलत होता. काका खुर्चीवर ऐसपैस बसला होता, मी खिडकीशी, समोर आराखडा.

"माती आहे माझ्याकडं," काका म्हणाला. "या रानासारखीच. काळीभोर."

"सारखी म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे दिसायला, हाताला, अगदी तशीच."

"दिसायला सारखी म्हणजे बाहेरचीच की. बाहेरचा दर लागेल." मी पेन उघडलं. "तपासणी तुमच्या खर्चानं. नापास झालेल्या गाड्या परत न्यायच्या."

"अगं, पण तपासणी कशाला?"

"नियम आहे. तुम्ही म्हणता म्हणून मी कसं मानू? उद्या म्हणतील, पुतणीनं काकाचं भलं केलं."

मॅनेजर म्हणाला, "बरोबर बोलतायत त्या."

काका चिडला. हातातोंडाशी आलेला घास जातोय असं त्याला वाटलं असावं. तो खुर्चीतून पुढं सरकला. "अहो, सारखी नाही, तीच आहे! याच रानाची आहे!"

"कशावरून?" मी शक्य तितक्या कंटाळलेल्या आवाजात विचारलं.

"कशावरून काय? दादाला विचारा. त्याच्याहून जास्त कुणाला कळणार?" आणि मी काही बोलायच्या आत तो उठला, मला बाजूला सारून खिडकीतून ओरडला, "दादा! ए दादा! जरा आत ये."

आप्पा आले. दारात चपला काढल्या. तिथं कुणीच काढत नसे. टोपी हातात घेतली आणि उभे राहिले. बसायला कुणी सांगितलं नाही.

"दादा," काका म्हणाला, "माझ्या बागेतली माती कुठली आहे, सांग साहेबांना."

आप्पांनी त्याच्याकडं बघितलं.

"सांगू?" आप्पा म्हणाले.

"सांग की! घाबरतोस काय?"

"माझ्या रानातली आहे," आप्पा म्हणाले. "कंपनीनं राखायला दिलेली. रोज ताडपत्री टाकून नेलीस तू. फाटक मी उघडलं."

काका हसायला गेला आणि अर्ध्यावरच थांबला. मॅनेजर हळूहळू उभा राहिला. "एक मिनिट. जी राखायचे पैसे तुम्ही आमच्याकडून घेतलेत, तीच माती तुम्ही आम्हाला विकायला आलात?"

"तसं नाही साहेब, तेव्हाचे साहेब वेगळे होते, त्यांनीच..." काकाची जीभ अडखळली. मग तो माझ्याकडं वळला. तेव्हा त्याला सगळं कळलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं मी अगदी जवळून, निवांत बघितलं. एवढ्या वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

आप्पा टोपी घालून पुन्हा फाटकावर गेले.

कंपनीला पोलीस, कोर्ट नको होतं. त्यांना स्वस्त हवं होतं. काकानं सगळी माती स्वतःच्या गाड्यांनी, स्वतःच्या खर्चानं परत आणायची आणि स्वतः पसरून द्यायची, नाहीतर फिर्याद. खालच्या अंगाचा ढीग पुरणार नव्हता, म्हणजे झाडांखालची पण आली. मी आराखड्यात वरच्या मातीपुढं दर लिहिला: शून्य. इतकं गोल शून्य माझ्या हातून कधी उमटलं नव्हतं.

बाग काढायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. मोजमापाला जायची गरज नव्हती. मशीन झाडाच्या बुंध्याला दात लावायचं आणि झाड मुळांसकट वर यायचं, लिंबं टपाटप गळायची. सगळीकडं त्यांचा आंबट वास. काकू एका झाडाला पाठ लावून बसली होती.

"तुझी आई गेली तेव्हा तुझ्या वेण्या मी घातल्यात," ती म्हणाली. "आठवतंय का?"

"आठवतंय. बाजूला व्हा काकू. मशीन लागेल."

ती उठली. मी मागं वळून बघितलं नाही. वाईट वाटलं का? वाटलं. पण थांबवावंसं वाटलं नाही.

खड्डा भरायला पावसाळा आणि हिवाळा गेला. दगड, मुरूम, दबाई. भराव पावसात खचला, पुन्हा भरला. मग माती. काकाचे चालक पैसे थकल्यावर निघून गेले, तेव्हा तो स्वतः मशीनवर बसला. या वयात त्याची पाठ धरायची. उतरताना तो आधी एक पाय सोडून बराच वेळ तसाच लोंबकळत राहायचा. पांढरा सदरा गेला, भुवया पांढऱ्या झाल्या. मजूर त्याच्यासमोरच विचारायचे, "शेठ, आज लिंबू सरबत नाही?" मी मुकादमाला सांगून त्यांना गप्प करू शकत होते, पण केलं नाही.

फाटक निघालं तसे आप्पा रिकामे झाले. रोज बांधावर येऊन बसायचे आणि भाऊ त्यांचं रान अंथरतोय ते बघायचे. मला वाटायचं, त्यांचं मन द्रवतंय. एक-दोनदा त्यांनी मजुराबरोबर त्याला पाणीही पाठवलं होतं. मला त्या पाण्याचासुद्धा राग यायचा.

शेवटच्या दिवशी काकानं मशीन बंद केलं. काळं रान सपाट पसरलं होतं, हवेत आप्पा म्हणाले होते तो वास होता. ताबा घ्यायच्या कागदावर आप्पांची सही राहिली होती. मॅनेजर गाडीला टेकून घड्याळ बघत होता.

आप्पांनी माझ्या हातातली पहार घेतली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. थोड्या थोड्या अंतरावर पहार खुपसायची, खालचा मुरूम लागला की अंगठा लावून धरायची, वर काढून बघायची. आम्ही सगळे त्यांच्या मागून. उत्तरेच्या कोपऱ्यात ते थांबले. दोनदा, तीनदा खुपसून बघितलं.

"इथं वीतभर कमी आहे," ते म्हणाले.

"संपली, दादा," काका म्हणाला. त्याचा आवाज मातीनं बसला होता. "बागेत आता नुसता खडक आहे. ये, बघ वाटलं तर."

"बागेतली संपली." आप्पांनी पहार हातात तोलली. "घरापुढं आहे की. गुलाबांखाली."

गुलाब काकूचे होते. दारापुढच्या त्या तुकड्यातली माती मला ठाऊक होती आणि मी ती आराखड्यात मुद्दाम धरली नव्हती. एवढ्या सूडात मी काकूसाठी तेवढीच जागा ठेवली होती.

"आप्पा, राहू द्या," मी म्हणाले. "कोपरा मी दुसरीकडून भरून घेते. काकूचे आहेत ते."

"माती माझी आहे," आप्पा म्हणाले.

"दादा, बाई वेडी होईल रे. तेवढंच राहिलंय तिचं."

"शेवटच्या गाडीतली आहे ती." आप्पांचा आवाज जराही चढला नव्हता. "सगळ्या गाड्यांवर ताडपत्री टाकलीस, त्या गाडीवर टाकली नाहीस. आणि जाताना मला हात केलास."

मॅनेजर म्हणाला, "अहो, वीतभरानं काय होतंय? सही करून टाका." आप्पांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

काका मशीनवर चढला. चढायला त्याला वेळ लागला. मशीन घरघरलं, वळलं आणि टेकाडाच्या वाटेला लागलं. वर घराच्या दारात काकू येऊन उभी राहिलेली इथूनही दिसत होती. आप्पांनी पहार कोपऱ्यात रोवून ठेवली, म्हणजे काका परत आल्यावर जागा चुकायला नको.